मामाच्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स टाकलं

आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तीन कॉम्प्युटर आहेत आणि तिन्ही मी स्वतः जोडलेले आहेत. पुढे बियाणं, खत आणि फवारणीचे पंप विकले जातात, ते माझे मिस्टर पाहतात. दुपारी दीड-दोनला आमचं गोंदियाजवळचं गोरेगाव पेंगायला लागतं. स्टँडवरची एसटीसुद्धा सावली धरून उभी राहते आणि ड्रायव्हर स्टेअरिंगवर डोकं टेकवतो. त्या वेळी मी मागच्या खोलीत जाते, कूलर लावते आणि एखाद्या जुन्या डब्याचं झाकण उघडून बसते. डोळ्यांवर झोप असते, हातात स्क्रू ड्रायव्हर असतो. पंखा फिरतो, मदरबोर्डवरचा हिरवा दिवा लागतो आणि मग स्क्रीनवर पांढऱ्या ओळी उलट्या पावसासारख्या खालून वर सरकत जातात. त्या ओळी वाचायच्या नसतात. नुसतं पाहत राहायचं. मला त्यात बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, काठाला बसल्यासारखं वाटतं.

कॉम्प्युटरबद्दल माझी मतं ठाम आहेत आणि ती ऐकायला घरात कोणी तयार नसतं. आमच्या भागात कॉम्प्युटर उन्हानं कमी आणि कोंड्यानं जास्त मरतो. धानाची मळणी सुरू झाली, राइस मिल चालू लागली, की तो बारीक सोनेरी कोंडा हवेत तरंगतो आणि थेट प्रोसेसरवरच्या पंख्यात जाऊन बसतो. म्हणून दिवाळीनंतर एकदा आणि होळीच्या आधी एकदा झाकण उघडलंच पाहिजे. जुनं मशीन हळू चालतं म्हणून फेकू नये. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली की म्हातारं माणूस चष्मा लागल्यावर पेपर वाचायला लागतं तसं ते चालू लागतं. कीबोर्ड जुना, जड, टकटक वाजणाराच चांगला. आणि ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे लिनक्स. हे शेवटचं मत मी इतक्या जोरात मांडायची, की मिस्टर म्हणायचे, "तू याचा प्रचार करून राहिली का वो?"

करतच होते. ज्याचा कॉम्प्युटर दिसेल त्याला मी लिनक्स टाकून द्यायची. शिवणकाम करणाऱ्या शेजारणीच्या मुलीला दिलं, पतसंस्थेतल्या बाईंच्या घरी दिलं. व्हायरस नाही, परवान्याची भानगड नाही, जुन्या मशीनवर पाण्यासारखं वाहतं. माझ्या मनात एक चित्र होतं. सगळ्या तालुक्यातले थकलेले कॉम्प्युटर एकेक करून डोळे उघडताहेत आणि त्यांच्या स्क्रीनवर माझ्या लिनक्सचा निळा उजेड पडलाय. असं स्वप्न पडलेलं माणूस समोरच्याला फारसं काही विचारत नाही.

माझा मामा चिचगडला राहतो. देवरीला एका सरकारी कचेरीत तो टायपिस्ट होता. आधी लोखंडी टाइपरायटर, मग कॉम्प्युटर, आणि रिटायर झाल्यावर घरची शेती. निवृत्त होताना त्यानं गोंदियाहून एक जुना कॉम्प्युटर विकत आणला आणि पडवीत, धानाच्या कोठीशेजारी मांडला. त्यावर तो शब्द लिहायचा. आपल्या बोलीतले, चिचगड-ककोडीकडचे, शेतातले आणि जंगलातले शब्द. धानाच्या खाचराला बांधी म्हणतात, रोपांना पऱ्हे, पेंढ्याला तनीस, परसाला सांदवाडी. मोहाच्या बियांना टोरी म्हणतात, बांबूच्या कोवळ्या कोंबांना वास्ते म्हणतात, असं सगळं. शब्द, पुढे त्याचा अर्थ, पुढे तो कोणाच्या तोंडून ऐकला त्याची खूण. दुपारचं जेवण झालं की तासभर. असं दहा-अकरा वर्षं चाललं होतं. मला हे माहीत होतं, पण माहीत असून मी त्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं.

एका उन्हाळ्यात मी चिचगडला गेले तेव्हा मामाचा कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ घेत होता, की मामी तोवर चहा करून घेऊन यायची.

"मामा, याले नवं करून देऊ का? पायजा कसा पळते तं," मी म्हटलं.

"माहे शब्द तं राहतील ना?"

"एक अक्षर हलणार नाही."

मी पेन ड्राइव्हवर त्याचं शब्दांचं फोल्डर उतरवून घेतलं. दोनदा उतरवलं, कारण मी काळजी घेणारी आहे असं मला वाटायचं. मग जुनी विंडोज पुसली आणि लिनक्स टाकलं. बाहेर मोहाच्या झाडाखाली पानं पडत होती, आत फाइली भरत होत्या. मला आठवतं, मी तेव्हा फार सुखात होते. अर्ध्या तासात काम आटोपलं आणि बटण दाबताच मशीन सुरू झालं, मामीनं चुलीवर भांडं ठेवायच्या आत. मी फोल्डर परत ठेवलं आणि खुर्ची मामापुढे सरकवली.

त्यानं फाइल उघडली. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा होता. तिरप्या रेघा, कंस, दोन के, एक यू, मध्येच टक्क्याचं चिन्ह. पानंच्या पानं तशी.

मामानं दोन-तीन पानं खाली सरकवून पाहिली. मग म्हणाला, "हे माहे अक्षर नोहोत, बाई."

मला एका क्षणात कळलं काय झालं ते. जुन्या मराठी फॉन्टांत मराठी असं काही नसतंच. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट आहे तोवर 'धान' दिसतं, फॉन्ट गेला की तिरपी रेघ, दोन के आणि एक यू. मी मामाचे शब्द सगळे जपले होते आणि त्यांचे चेहरे पुसून टाकले होते. फॉन्ट विंडोजबरोबर गेला होता.

"फॉन्ट टाकला का होईल. आज नाही तं उद्या," मी म्हटलं. माझा आवाज मलाच खरा वाटला नाही.

मामा रागावला नाही. त्यानं कॉम्प्युटर बंद केला आणि मामीनं शिवलेलं फुलाफुलांचं कापड त्यावर घातलं. मामीच म्हणाली, "पुसाव तं लागत होतं वो, पोरी." आमच्याकडे विचारण्यालाही पुसणंच म्हणतात. मी निघाले तेव्हा मामा अंगणापर्यंत आला. आमच्याकडे मामानं भाचीच्या पाया पडायची रीत आहे. तो वाकला आणि माझ्या पायांना हात लावला, दर वेळी लावतो तसाच. मी देवरीपर्यंत एसटीच्या खिडकीत तोंड घालून बसले. सालई आणि सागाची उघडी झाडं मागे पळत होती, आणि प्रत्येक फांदी मला तिरप्या रेघेसारखी दिसत होती.

फॉन्ट शोधायला मी गोंदियाला गेले. मामाच्या म्हणण्याप्रमाणे तो एका टायपिंग क्लासच्या सरांनी दिला होता. सरांनी एक तयार फॉन्ट घेऊन त्यातल्या किती तरी अक्षरांच्या जागा आपल्या सोयीनं बदलल्या होत्या आणि विद्यार्थ्यांना वाटला होता. बाजारातल्या त्या क्लासच्या जिन्यावर आता मोबाइलची कव्हरं लटकत होती.

"वो सर तो कब के चले गये, भाभी," दुकानदार म्हणाला. "सामान भी भंगार में गया. कव्हर दिखाऊँ?"

मी एक कव्हर घेतलं. रिकाम्या हातानं परत यायला नको वाटलं.

जुन्या फॉन्टमधला मजकूर नव्या अक्षरांत बदलून देणारे प्रोग्राम इंटरनेटवर आहेत. ते सगळे मी चालवून पाहिले. निम्मी अक्षरं बरोबर येत, निम्मी भलतीच. सरांनी कुठली अक्षरं हलवली होती ते फक्त सरांना माहीत. त्या पावसाळ्यात माझ्या दुपारी फार विचित्र गेल्या. मी मामाची फाइल उघडून बसायची आणि त्या कचऱ्यात मला अर्थ दिसायला लागायचा. झोप आणि जागेपणाच्या मधे एखादी ओळ हलायची आणि 'पाणी' वाचल्यासारखं व्हायचं. डोळे चोळून पाहिलं, की परत कंस आणि रेघा. एकदा तर मी दुपारच्या डुलकीत ते शब्द बांधीतल्या चिखलात उमटलेले पाहिले, बगळ्यांच्या पावलांसारखे, आणि मी त्यांच्यावरून चालत होते. जाग आली तेव्हा मिस्टर दारात उभे होते. "खताचा ट्रक आला, चाल," म्हणाले.

त्या काळात लिनक्सचं नाव मी कोणापुढे काढलं नाही.

दिवाळीनंतर चोरखमाऱ्याला माझ्या मावसबहिणीच्या बाळाचं बारसं होतं. मामा-मामी आले. जेवणं झाल्यावर बायका पाळण्यापाशी बसल्या आणि मी मामाबरोबर तलावाच्या पाळीवर गेले. पाणी काठोकाठ होतं. धान कापून झालेल्या बांध्यांमध्ये खुंट उभे होते आणि उन्हात सगळीकडे तनसाचा वास होता. आम्ही एका झाडाखाली बसलो. मी त्याला धाकट्या जावेच्या घराच्या बांधकामाबद्दल सांगत होते. मामा पाण्याकडे पाहत ऐकत होता आणि त्याची बोटं मांडीवर हलत होती. दोन्ही हातांची, बारीक, भराभर.

मी बोलता बोलता थांबले. बोटं थांबली. परत बोलले, परत चालू.

"मामा, हे का करून राहिले तुमी?"

त्यानं हातांकडे पाहिलं, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. मग हसला. "टायपिंग. तू बोलून राहिली थे. सवय होय माही. साहेब बोलत, मी टाइप करू. आता कोनीबी बोललं का बोटं चालतेत. तुही मामी तं म्हनते, भजनातबी चालतेत."

"कोणत्या कीबोर्डावर चालतात? सरांच्या फॉन्टच्या?"

"दुसरा कोनता? अकरा वर्सं तोच तं होता."

मला वाटतं मी ओरडलेच. पाळीवर शेळ्या घेऊन चाललेली एक बाई वळून पाहायला लागली. फॉन्ट भंगारात गेला नव्हता. तो माझ्या शेजारी बसला होता, धोतराच्या घडीवर बोटं ठेवून.

पुढच्याच आठवड्यात मी चिचगडला गेले आणि चार दिवस राहिले. मामीनं कापड काढलं. मी कॉम्प्युटर लावला, एक कोरी फाइल उघडली आणि मामाला म्हटलं, "मी जे बोलते थे टाइप करा. स्क्रीनकडे पाहू नका."

"डोरे मिटू का?"

"मिटा."

तो डोळे मिटून बसला. मी हळूहळू बोलले, "आज सकाळी मामीनं वास्त्यांची भाजी केली."

बोटं चालली. टकटक, टकटक. स्क्रीनवर कचरा उमटला. पण हा कचरा मला माहीत होता. मी काय बोलले ते माझ्याजवळ होतं आणि ते कसं लिहिलं जातं ते समोर होतं. मी वहीत दोन रकाने केले. हे चिन्ह म्हणजे 'आ', हे म्हणजे 'ज', हे म्हणजे अर्धा 'स'. प्रत्येक वाक्यागणिक वही भरत गेली. मामी आतून वाक्यं पुरवायची. तिला खेळच सापडला होता. "बोल वो, तुह्या मामाले भाजीत मीठ कमी लागते!" मामा डोळे मिटून तेही टाइप करायचा, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता.

क-पासून ज्ञ-पर्यंत नुसतं विचारून पाहिलं तर त्याला सांगता येत नव्हतं. "ढ कोठी आहे?" म्हटलं की तो गोंधळून कीबोर्डाकडे पाही आणि त्याची बोटं दगड होत. धान साठवायचा "ढोला" म्हटलं की बोट बरोबर जाई. ते अक्षर त्याच्या डोक्यात नव्हतंच, पूर्ण शब्दाच्या चालीत होतं. म्हणून आम्ही शब्द बोलत राहिलो. दुपार उतरून जायची, पडवीत उन्हाची पट्टी सरकत कोठीपर्यंत यायची, आणि आम्ही तिघं शब्द बोलत असायचो. असं वाटायचं की हे संपूच नये. मी लहानपणी सुट्टीत तिथं यायची, तेव्हासुद्धा मामाशी इतकं बोलले नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. वहीतले दोन रकाने त्याला दिले. पहिल्यांदा चालवला तेव्हा पहिली वेलांटी सगळीकडे चुकीच्या अक्षराला जाऊन चिकटली, कारण टायपिस्ट ती अक्षराच्या आधी देतो आणि नवी पद्धत नंतर मागते. रफारानं तर उलटाच धिंगाणा घातला. ते नीट करायला आणखी एक दिवस गेला. चौथ्या दिवशी, मामा आंघोळ करून येईतो, मी त्याची पहिली फाइल प्रोग्राममधून काढली.

तो ओल्या केसांनी येऊन खुर्चीत बसला. चष्मा लावला. वाचायला लागला. आधी मनात, मग मोठ्यानं.

"बांधी. धुऱ्यानं, म्हणजे मातीच्या बांधानं, बांधलेला धानाच्या शेताचा तुकडा. आईकडून." मग पुढचा. मग पुढचा. मामी चुलीपासून उठून दारात येऊन उभी राहिली. तिला वाचता जेमतेम येतं. तिनं आजवर हे शब्द लिहिले जाताना पाहिले होते, ऐकले कधी नव्हते. "हा तं माह्या मायचा शब्द होय," ती एकदम म्हणाली. मामा थांबला, चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "हो. पुढं लिवलं आहे. तुह्या मायचं नाव." मामी पुढे आली. पदरानं तिनं स्क्रीनवरची धूळ पुसली.

सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. काही जोडाक्षरं मामा आकडे दाबून आणायचा, आणि त्या आकड्यांचा कागद त्यानं टेबलाला चिकटवला होता, तो उंदरांनी खाल्ला. त्यामुळे काही शब्दांत आजही अक्षराच्या जागी एक रिकामा चौकोन आहे. त्यातल्या एका शब्दाचा अर्थ पूर्ण वाचता येतो: रोवणा, धानाची लावणी, आटोपल्यावर बांधीतल्या पाण्यावरून ढगाची सावली सरकत जाते, ती. पुढे लिहिलंय, 'म्हाताऱ्या कोतवालाकडून.' शब्द मात्र दोन अक्षरं आणि चौकोन. मामाला तो आठवत नाही. त्यानं खूप प्रयत्न केला. मी शब्द उच्चारू शकत नाही, त्यामुळे बोटंही चालत नाहीत. कोतवाल तर केव्हाच गेला. मी ती ओळ तशीच ठेवली आहे. कधी कधी नुसता तो अर्थ वाचते आणि त्याच्या आधीच्या चौकोनाकडे बघत बसते.

निघायच्या दिवशी मी मामाला विचारलं, "जुनी विंडोज परत टाकून देऊ का? होती तशी?" मी हे मनापासून विचारलं. माझी सगळी मतं मी त्या क्षणी मामाच्या पायाशी ठेवायला तयार होते.

"कायले?" तो म्हणाला. "आता हे बी येऊन राहिलं ना. फक्त पुन्हा काही पुसशील तं आधी माह्याजवळ बस. एक दिवस बस. मंग पूस."

मशीन मी अजूनही उघडते, लोकांना लिनक्स अजूनही टाकून देते. कोंड्याबद्दलचं, एसएसडीचं, जड कीबोर्डाचं मत जागेवर आहे. पण आता कोणी कॉम्प्युटर घेऊन आलं की मी आधी विचारते, तुम्ही यावर काय लिहिता? दाखवा. त्यांचं जे काही असेल, हिशोब असो, भजनं असोत, मुलीच्या लग्नाची पत्रिका असो, ते मी त्यांच्याच तोंडून वाचून घेते. अक्षर कोणतं आहे, कुठल्या फॉन्टमध्ये आहे ते पाहते. यात अर्धी दुपार जाते. ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा. कधी कधी सगळं ऐकून मी म्हणते, जे आहे तेच राहू द्या, मी फक्त पंखा साफ करून देते.

मामानं नव्या पद्धतीनं टाइप करून पाहिलं. त्याला ते आवडलं नाही. "ह्या वेलांटीले मागून लावाले माहा जीव नाही होत," म्हणाला. म्हणून मी त्याला सरांची मांडणीच बनवून दिली. जुन्या सवयीनं बोटं चालवायची, आत आपोआप नवी अक्षरं साठतात. महिन्याकाठी तो मला फाइल पाठवतो.

मागच्या बाजाराच्या दिवशी आमच्या दुकानात एक बाई पऱ्ह्यांवरचं औषध घ्यायला आली होती. मिस्टर गोदामात गेले होते, म्हणून मी तिला मागच्या खोलीत पंख्याखाली बसवलं. स्क्रीनवर मामाची फाइल उघडी होती. तिनं एक शब्द हळूहळू वाचला, मान हलवली.

"आमच्यात असं नाही म्हनत," ती म्हणाली आणि तिनं पोवारीतला, तिच्या घरच्या बोलीतला, एक शब्द सांगितला. मी दोनदा उच्चारून घेतला, तिसऱ्यांदा तिनं हसून दुरुस्त केला. ती गेल्यावर मी मामाला फोन लावला आणि शब्द सांगितला. पलीकडून टकटक ऐकू आली.

"थांब, थांब," मामा म्हणाला. "कोन्या गावची होय थे बाई? थे नाही पुसलं का तू?"